श्वास माझ्याकडे

प्रकाशा गावाजवळच्या पुलावर एसटी आली की मी हातातलं पुस्तक मिटायची. खाली तापी इतकी संथ असते, की पाणी पुढे चाललंय की पूल मागे सरकतोय, ते थोडा वेळ कळतच नाही. लोणखेड्याहून नंदुरबारपर्यंतच्या प्रवासात मी अर्धा वेळ कुठे असायचे, ते मलाच ठाऊक नसायचं. दोनदा तर कंडक्टरने हाक मारून स्टँडवर उतरवलं.

बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. आई म्हणायची बी.एड. कर, मास्तरणीला मान असतो. माझ्या मनात मात्र सोनोग्राफी होती. कॉलेजात असताना मावशीला घेऊन एकदा दवाखान्यात गेले होते आणि तिच्या पोटातलं ते राखाडी, हलतं चित्र पडद्यावर पाहिल्यापासून ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. टेक्निशियनच्या डिप्लोम्याचा फॉर्मही आणून ठेवला होता. तो भरायचा धीर होत नव्हता, म्हणून ठरवलं, आधी दोन महिने एखाद्या सेंटरमध्ये काम करून बघायचं.

नंदुरबारला एका सेंटरमध्ये काम मिळालं. तिथल्या डॉक्टर मॅडम बाहेरगावच्या, तोडून बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "पोटावर फिरवायचा प्रोब माझ्या हातात राहील. कायदा तसा आहे. शिकलीस तरी इथे प्रोब माझ्याच हातात राहील, हे आधीच ऐकून ठेव." मी म्हटलं, मग माझ्याकडे काय? त्या म्हणाल्या, "फॉर्म, जेली, टॉवेल. आणि श्वास." दोन महिन्यांनी त्या सांगणार होत्या, मी या कामाची आहे की नाही. असेन तर नोकरी देणार होत्या आणि ती सांभाळून डिप्लोमाही करू देणार होत्या. नसेन तर फॉर्म फाडून टाकायचा, असा मीही मनाशी निश्चय केला होता.

श्वास म्हणजे असं. पोटाची तपासणी करताना पेशंटने छाती भरून श्वास घेऊन धरला, की यकृत बरगड्यांखालून खाली सरकतं आणि नीट दिसतं. तेव्हा मी म्हणायचं, "श्वास घ्या. धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका." मॅडम चित्र थांबवायच्या, मशीनची कळ टक् वाजायची आणि मग मी म्हणायचं, "सोडा." बस, एवढंच. शहाद्याकडच्यांना मी ते अहिराणीत सांगायची, धडगाव-काठीकडून आलेल्यांसाठी झाडूपोछा करणाऱ्या मावशींकडून पावरी बोलीत पाठ करून घेतलं होतं. माझे उच्चार ऐकून पेशंट बायका टेबलावर पडल्या पडल्या हसायच्या आणि धरलेला श्वास सुटून जायचा. मॅडम माझ्याकडे बघायच्या आणि मी टॉवेलकडे.

बाहेर उन्हाने डांबर वितळायचं आणि आत त्या खोलीत दिवसभर तिन्हीसांज असायची. एसीची घरघर, जेलीचा गार वास, पडद्यावरचा उजेड. मला तिथे फार सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू. यकृत पाहिलं की मला सातपुड्यावर उतरलेलं धुकं आठवायचं. मूत्रपिंडं दोन बाजूंना झोपलेली असायची. बाहेर खोकणारी, भांडणारी, बिलासाठी घासाघीस करणारी माणसं आतून इतकी शांत असतात, याचं मला नवल सरत नव्हतं. मॅडमच्या भाषेत याला तंद्री म्हणतात. "तंद्री लागते तुझी," हे त्यांनी पहिल्या महिन्यात मला चार वेळा ऐकवलं होतं. पाचव्यांदा ऐकावं लागू नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून काम करत होते.

माझ्या वडिलांना, नानांना, हे काम मुळीच पसंत नव्हतं. नाना लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लाल कोट, सोनेरी झालर, आणि दम असा की नवरदेव घोड्यावरून उतरून मांडवात शिरेपर्यंत एक सूर तुटत नाही. पंचक्रोशीत त्यांच्या दमाचं नाव आहे आणि त्याची घमेंडही त्यांना पुरेशी आहे. मला म्हणायचे, "दिनभर अंधारामा बठीसन काय करस तू? लोकेसना पोटमा देखानाबी पगार भेटस का?" मी चिडून म्हणायची, दुसऱ्याच्या लग्नात फुंकर मारायचा मिळतो, तर याचा का नाही मिळणार. मग दोन दिवस आमचं बोलणं बंद.

पण त्याच लगीनसराईत त्यांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. वरात अर्ध्यावर असताना क्लॅरिनेट दुसऱ्याच्या हातात देऊन ते ओट्यावर बसले, असं बँडवाल्या काकांनी घरी येऊन सांगितलं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. नाना म्हणाले, "माले काय व्हयेल नई. लगनसराई सरू दे, मंग दखसूत." मी हट्टाला पेटले. आठ दिवस त्यांच्या मागे लागले, तेव्हा शेवटी एका सकाळी उपाशीपोटी, बिनचहाचे, धुसफुसत असलेले नाना माझ्याबरोबर एसटीत बसले. पूल आला तेव्हा मी पहिल्यांदाच नदीकडे पाहिलं नाही.

माझे दोन महिने संपायला तेव्हा एक आठवडा उरला होता.

नाना टेबलावर आडवे झाले. शर्ट वर केलेला, लग्नमांडवांमध्ये ताठ उभा राहणारा माणूस छताकडे बघत पडलेला. मी जेली लावली तर दचकले. मॅडमनी प्रोब ठेवला. मी म्हटलं, "नाना, श्वास ल्या. धरा. मी सांगस तवलोंग सोडानं नई." आणि पडद्यावर नाना उमटले.

मी काय पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेच धुकं होतं, रोज दिसणारं, पण हे नानांचं होतं. ज्यांच्या नाकावर चोवीस तास राग, ते आतून असे मऊ, राखाडी, बिनआवाजाचे. लहानपणी वरातीवरून परत आल्यावर ते मला मांडीवर घ्यायचे, तेव्हा कोटाच्या आतून येणारी ऊब आठवली. मला त्यांच्याविषयी फार प्रेम वाटलं. कळ टक् वाजली असणार. मॅडम पाठमोऱ्या होऊन मापं घेऊ लागल्या असणार. मी तिथे नव्हतेच.

"अगं, त्यांच्याकडे बघ!" मॅडम ओरडल्या.

नानांचा चेहरा काळानिळा पडला होता. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, डोळे माझ्यावर रोखलेले. दुसरा कोणी असता तर केव्हाच श्वास सोडून मोकळा झाला असता, रोजच होतात. यांच्या छातीत दम होता, आणि मी म्हटलं होतं की सांगेपर्यंत सोडायचं नाही. मी "सोडा, सोडा" म्हणाले आणि नानांनी असा श्वास सोडला की टेबलाचा कागद फडफडला. मग ते कुशीवर वळून खोकत राहिले.

पित्ताशयात खडा होता. ऑपरेशन लागणार होतं, पण जिवावरचं काही नव्हतं. नाना बाहेर गेल्यावर मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शनिवारपर्यंत ये. पुढचं काही मी देणार नाही. पेशंटला विसरणारी माणसं मला या खोलीत नकोत." आवाज चढवला असता तर मीही भांडले असते. पण त्यांचं खरं होतं.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. फॉर्म फाडून टाकते, म्हटलं. मग मी विचारलं, "पन तुम्ही दम सोडा काबरं नई?"

"तूच सांगं व्हतं ना, सोडानं नई," ते म्हणाले. "माले वाटनं, पोर काम करी ऱ्हायनी. काम चाली ऱ्हायनं तर सूर तोडानं नई."

रडू आणखीच आलं. मी करत असते त्याला नाना काम म्हणाले होते. आणि नेमकं त्याच वेळी मी ते करत नव्हते.

मग त्यांनी, पोटावर हात धरून, आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली. त्यांचा ढोलवाला वाजवताना त्यांच्याकडे बघत नाही. "तो मन्हासंगे दम लेस," नाना म्हणाले, "मन्हासंगे धरस. मन्हा दम सरना का त्याले त्यानी छातीमाच समजस. तू बी पेशंटनासंगे दम धर. तुले घुसमटनं का समज, त्याले बी घुसमटनं."

दुसऱ्या दिवसापासून मी ते करू लागले. "धरा" म्हणायचं आणि स्वतःही धरायचा. पडद्यावर धुकं यायचं, मी त्यात शिरायचीच, तो माझा स्वभाव आहे आणि तो काही जायचा नाही. पण थोड्या वेळाने छाती दुखू लागायची आणि मी परत यायची. शनिवारी शेवटची पेशंट काठीकडची म्हातारी होती, दम कमी असलेली. तिच्याकडे बघत मी श्वास धरला. तिचा हात टेबलाची कड आवळू लागला तसं मी, कळ वाजण्याआधीच, "सोडा" म्हणाले. चित्र हुकलं.

मॅडम वळल्या. मला वाटलं, झालं. "का सोडायला लावलंस?" त्यांनी विचारलं. मी धापा टाकत सांगितलं, बँड, ढोल, नाना, सगळं. म्हातारी आडवी पडून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा श्वास धरायला सांग. आणि सोमवारी ये."

फॉर्म मी भरला. डिप्लोमा झाला. आज मी त्याच खोलीत आहे, प्रोब अजूनही मॅडमच्याच हातात असतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

डिप्लोमा चालू असतानाच, ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी, नाना तपासणीला आले. लाल कोट अंगावरच होता, त्याच संध्याकाळी वरात होती. मी जेली लावली, "धरा" म्हटलं, आणि आम्ही दोघांनी श्वास धरला. मॅडम निवांतपणे चित्र शोधत होत्या. माझी छाती फुटायला आली, नाना मजेत होते. त्यांच्या डोळ्यांत मला सरळ सरळ दिसत होतं की हा माणूस माझ्याशी शर्यत लावतोय. पडद्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी फक्त त्यांच्याकडे बघत होते.