फ्रेजचे प्रकार किती राहिले?

लग्न झाल्यापासून माझ्या पुस्तकांकडे ढुंकूनही न पाहणारे सासरे एक दिवस म्हणाले, "यवतला इंग्रजीचा क्लास हाय, दिवेलागणीचा. मी सोडतो गाडीवर." मी त्यांना मामा म्हणते. शिक्षक पात्रता परीक्षेत माझं घोडं इंग्रजी व्याकरणात अडलेलं. वाक्यातल्या फ्रेजचा, म्हणजे शब्दसमूहाचा, प्रकार ओळखा म्हटलं की घाम फुटायचा. क्लास हवाच होता. पण मामांचा हा उमाळा काही मला पटेना. आमच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं होतं, आणि शिकलेली सून सगळ्यांच्या डोळ्यांत भरत होती. सरपंच झाले की शाळेतली नोकरी विसरायची. सह्या माझ्या, कारभार भावकीचा.

मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. मामा क्लासबाहेर पायरीवर बसून राहत. कुणी ओळखीचं भेटलं की मुद्दाम सांगत, "सूनबाई मास्तरीण व्हणार हायेत." हा प्रचार नाही तर काय? परतताना रोज विचारत, "आज काय शिकवलं?" मी सांगे, 'द केन ऑन द ट्रॉली', म्हणजे ट्रॉलीवरचा ऊस, ही नाउन फ्रेज, आणि त्यातलं 'ऑन द ट्रॉली' हे प्रेपोझिशनल. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी पुढचा प्रश्न ठरलेला, "अजून किती परकार ऱ्हायलं?" शिकवणी संपली की मला उभं करणार, दुसरं काय!

एकदा सरांना ताप होता म्हणून आम्ही लवकर परतलो. गल्लीच्या तोंडाशी मामांनी करकचून ब्रेक दाबला. दारात पुढाऱ्यांची जीप होती, आणि ओट्यावर बायका नारळ, खण घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे जिला उभं करायचं, तिच्या घरी दिवेलागणीला जाऊन देवाच्या नावानं ओटी भरतात. ती एकदा पदरात पडली की नाही म्हणायची सोय नाही. मामांनी गाडीचा दिवा मालवला, गाडी वळवली आणि थेट हायवेवरच्या चहाच्या टपरीशी थांबवली.

"मामा, मला उभं करायचं तुम्हीच ठरवलंय ना? मग पळालो कशाला?" मी चिडूनच विचारलं.

ते बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. "रोज येत्यात ती. भावकीला तोंडावर न्हाई म्हणायची माझी छाती न्हाई, पोरी. पर तू घरातच नसलीस तर ओटी भरायची कुणाची? अर्जाची मुदत संपली की सुटलो."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू भांडायला गेली असतीस."

ते खरंच होतं. मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला.

जीप अजून गेली नसणार. मामांनी आणखी एक चहा मागवला आणि नेहमीचं विचारलं, "अजून किती परकार ऱ्हायलं?"

सरांनी आदल्याच दिवशी सगळे प्रकार संपवले होते.

"लई हायेत, मामा," मी म्हटलं. "मुदत संपेपर्यंत पुरतील."