मिरचीच्या प्लॉटमधलं एक क्रियापद

इंग्रजी जाणणाऱ्या समस्त जगास गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की एका इंग्रजी क्रियापदाचा संपूर्ण अर्थ घनसावंगी तालुक्यातल्या एका शेडनेटमध्ये, भर दुपारी, दोन फ्रेंच पाहुण्यांना समजावून देण्यात आला. देणारा मी.

शेडनेट माझ्या थोरल्या चुलत भावाचं, आत बियाण्याची मिरची. बी विकत घेणाऱ्यांकडून एक मॅडम आणि एक साहेब फ्रान्सहून पाहणीला आलेले. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून मला धरून आणलेलं. मॅडमच्या कागदावर शेवटचा प्रश्न होता: रोगिंग झालं का? 'नाही'वर खूण झाली की प्लॉट रद्द, अख्ख्या हंगामाची मेहनत मातीत. पण दोघंही ऑफिसातली माणसं. हे 'रोग' नावाचं इंग्रजी क्रियापद (आपल्या रोगाशी काही संबंध नाही) त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"आधी अर्थ सांगा," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "मग खूण करते."

भाऊ कानाशी लागला. "मास्तर, नीट सांग. न्हाईतर मेलो मी."

मी बाह्या सरसावल्या. पहिला अर्थ, निरखणं: फौजदारासारखा सरीतून चाललो, एकेका झाडाचं पान, उंची, फूल तपासत. दुसरा, उपटणं: जे झाड बाकीच्यांसारखं दिसत नाही, ते मुळासकट काढायचं, नाहीतर बी भेसळीचं होतं. मी हवेतलं झाड असं काही ओढलं, की साहेब दचकून मागे सरकले. तिसरा, हद्दपार करणं: उपटलेलं सरीत टाकायचं नाही, दाराबाहेर न्यायचं. नसलेलं झाड खांद्यावर घेऊन मी मिरवत निघालो.

कोपऱ्यात मिरवणूक अडली. तिथं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं कमरेएवढं काहीतरी उभं होतं. वहिनी झटकन त्याच्या आड आल्या. मॅडमनी बाजूनं हात घालून कापड वर केलं. आत गावरान मिरची, लालभडक, सगळी तोंडं आभाळाकडे.

"भाऊजी, सांगा त्यांना," वहिनी पुटपुटल्या. "घरच्यापुरतं एकच ठेवलंय. माशीनं ह्याचा पराग तिकडं नेऊ नये म्हणून बराबर झाकलंय की!"

मी तसंच सांगितलं. मॅडमनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झाकणं हा ह्या क्रियापदाचा चौथा अर्थ आहे का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. भाऊ माझ्या ओठांकडे पाहत होता.

"नाही," मी म्हणालो.

पेन 'नाही'च्या चौकोनाकडे सरकलं.

मग वहिनींनी पदर खोचला, झाड बुडाशी धरलं, एका हिसक्यात मुळासकट उपटलं आणि कुणाकडेही न बघता दाराबाहेर नेलं. साहेब मागोमाग जाऊन खात्री करून आले. मॅडमनी 'होय'वर खूण केली.

इतका वेळ श्वास कोंडून उभा असलेला माझा भाऊ एकदम ओरडला, "अन् मंग वर्षभर ठेचा कशाचा खायचा?"