तळ्यातल्या लाल स्टुलाचा फोटो

येन मावशीला कुणी चोर म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी दचकायला नको.

मावशी म्हणजे छ्यू जिन-येन, वय एकाहत्तर. आमच्या बायहे गावातल्या निम्म्या कमळाच्या बिया तिच्या हाताखालून गेल्यात म्हटलं तरी चालेल. माझ्या नाष्ट्याच्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड आहे. उन्हाळा लागला की तिथे सात-आठ म्हाताऱ्या बसतात, बोंडं फोडतात, बिया सोलतात आणि एकेका बीच्या पोटातला कडू हिरवा कोंब सुईने ढकलून काढतात. हात चालतात आणि तोंडं त्याहून जास्त. मी तव्यापाशी उभी असते, तरी कुणाच्या सुनेने काल काय केलं ते मला जागच्या जागी कळतं.

या सगळ्यांचा फोनवर एक गट आहे. मीही त्यात आहे, कारण नसले तर माझ्याबद्दल बोलतील. रोज सकाळी प्रत्येकीने गटावर सुप्रभात टाकायचं. एखादं फूल, त्यावर ढोबळ रंगीत अक्षरांत चार शब्द. बाकीच्या इकडून आलेलं चित्र तिकडे ढकलतात. मावशी मात्र स्वतः काढते. फोन घेऊन तळ्याच्या बांधावर जाते, फोटो काढते आणि त्यावर मनाला येईल ते लिहिते. ‘सुप्रभात. आज गुडघा बरा आहे.’ असलं काहीही. आठ वाजेपर्यंत एखादीचं चित्र आलं नाही, तर कुणीतरी सायकल काढतं आणि तिच्या दारावर थाप मारून येतं. एकट्या राहणाऱ्या बायका फार आहेत आमच्यात, म्हणून तशी पद्धतच पडली आहे.

या चित्रांवर कुणी नाव घालत नाही. मी एकदा मावशीला म्हटलं, “अगं, कोपऱ्यात नाव टाक की. पार काओशुंग शहरापर्यंत फिरतात तुझी चित्रं.”

“नमस्कार करताना कुणी खाली सही करतं का गं?” ती म्हणाली. “आणि माझं नाव असलं तर पुढचीने ते पाठवायचं कसं? तिच्या लेकीला वाटेल, आईने दुसऱ्याच कुणाचा नमस्कार ढकलला.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. काढायला हवा होता.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयातल्या बाईंनी मावशीचे बारा फोटो भिंतीवर लावायचं ठरवलं. मावशीला इतका आनंद झाला की तिने नवीन चपला घेतल्या आणि त्या डब्यातच ठेवल्या, उद्‌घाटनाला घालायच्या म्हणून. आणि मला अवदसा आठवली. ‘दक्षिणेचा उजेड’ नावाचा फोटो काढणाऱ्यांचा मोठा गट आहे, चाळीस हजार माणसं. म्हटलं, मावशीचा एक फोटो तिथे टाकू, चार लोक बघायला येतील. मीच तिचं खातं उघडलं, मीच फोटो निवडला. हिवाळ्यातलं तळं, वाळून कंबर मोडलेले कमळाचे देठ, धुकं, आणि मधोमध पाण्यात उभं एक लाल प्लास्टिकचं स्टूल. त्यावर कुणीच नाही. का कोण जाणे, तो फोटो बघितला की मला गलबलून येतं.

तासाभरात फोन नुसता थरथरायला लागला. मला वाटलं, कौतुक चाललंय.

“हा तर को बिंग-सुंग सरांचा फोटो!”

“निदान स्टुलाचा रंग तरी बदलायचा होता, आजी.”

“प्रेरणा घेणं वेगळं आणि उचलणं वेगळं.”

हे को सर च्याई शहरातले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ‘रिकामी जागा’ नावाच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मी तो उघडून बघितला. तेच तळं, तेच धुकं, तेच लाल स्टूल, जवळपास त्याच जागी. फक्त त्यांचा फोटो मोठ्या कॅमेऱ्याचा, लखलखीत.

गटाच्या चालकांनी सांगितलं की तीन दिवसांत पुरावा द्या, नाहीतर नाव नक्कलखोरांच्या यादीत जाईल. ती यादी सगळ्यांना दिसते. संध्याकाळी वाचनालयातल्या बाईंचा फोन आला, आवाज एकदम मऊ. “फंग, सध्या आपण जरा थांबू या का?”

“थांबा! चांगलं वर्षभर थांबा!” म्हणून मी फोन आपटला. माझी जीभ अशीच आहे.

मावशीने तो फोटो पाच वर्षांपूर्वी काढलाय हे मला देवासमोर सांगता येईल. पण पुरावा? तिचा जुना फोन मागच्या उन्हाळ्यात तळ्यात पडला. तो वाळवून त्यातली चित्रं नव्या फोनमध्ये मीच भरली होती, मोठ्या हुशारीने. भरताना सगळ्या चित्रांवर एकच तारीख बसली, त्या दिवसाची. म्हणजे को सरांच्या बक्षिसानंतरची. मी कपाळावर हात मारून घेतला. मग शेडमध्ये जाऊन एकेकीचा फोन हातात घेतला.

“सुप्रभातची चित्रं कोण ठेवतं गं?” बीजू आजी म्हणाली. “फोन भरतो. मी रोज जेवण झालं की पुसते.”

“मी तर बघून लगेच पुसते,” दुसरी म्हणाली.

आणि मी? मीही पुसली होती. पाच वर्षं ती बाई रोज सकाळी मला एक फोटो पाठवत होती, आणि माझ्याकडे त्यातला एकही नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचं चित्र आलं नाही. आठ वाजले, सव्वाआठ झाले. मी गॅस बंद केला आणि धावले. बघते तर तिच्या दारात माझ्याआधीच चार सायकली, आणि बीजू आजी दार ठोठावत होती. “येन! मेलीस का गं? मेली असशील तर सांग!”

दार उघडलं. मावशी उभी होती, धडधाकट, पण चेहरा उतरलेला. “जिवंत आहे. जा घरी.”

बाकीच्या गेल्या, मी आत शिरले. टेबलावर शेतकरी संघाचं जुनं कॅलेंडर उघडं पडलं होतं. त्यात को सरांचा तोच बक्षिसाचा फोटो छापलेला.

“फंग, हे कॅलेंडर वर्षभर माझ्या भिंतीवर होतं,” ती म्हणाली. “मी हे बघून तर काढला नाही ना तो फोटो? बघितला असेल, आवडला असेल आणि विसरले असेन. या वयात असं होतं.”

“काहीतरी बोलू नकोस. तुझा आधीचा आहे.”

“तू सांगतेस. मला आठवत नाही. रात्रभर आठवतेय, काय आधी, काय नंतर.” तिने कॅलेंडर मिटलं. “त्यांना सांग, टाका माझं नाव यादीत. माझ्याकडून आता फोटो निघायचा नाही. बोट लावायला गेलं की वाटतं, हेही कुणाचं असेल.”

लोकांनी चोर म्हटलं त्याचं मला जेवढं दुःख झालं नाही, तेवढं तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं याचं झालं. घरी येऊन मी रडले. मग को सरांना एक लांबलचक, अत्यंत उद्धट निरोप लिहिला. त्यात मावशी कोण, ती सुप्रभातची चित्रं कशी काढते, नाव का घालत नाही, सगळं लिहिलं आणि शेवटी, ‘तुमच्यात थोडी लाज असेल तर बोला,’ असंही. उत्तर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला दुकानासमोर एक गाडी थांबली. पन्नाशीचा बारीक माणूस उतरला. कॅमेरा नव्हता, हातात फक्त एक जुना फोन, कडा उडालेला, मागे देवळातल्या ताईताचं स्टिकर.

“मी को बिंग-सुंग. छ्यू मावशी कुठे भेटतील?”

मी कंबर कसून बाहेर आले. “आत्ता वेळ मिळाला? दोन दिवस लोक तिला फाडून खात होते, तेव्हा तोंडात काय धरलं होतं?”

“बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. एवढंच. भांडायला आलेल्या माणसाला असं कुणी उत्तर देतं का? माझा सगळा जोर गेला. मी मावशीला बोलावून आणलं.

तो तिच्यासमोर बसला आणि फोन टेबलावर ठेवला. “हा माझ्या आईचा. ती गेली, त्याला चार वर्षं झाली. ती मला रोज सुप्रभात पाठवायची. मी तिचे निरोप आवाज बंद करून ठेवले होते. शेवटी शेवटी उघडतही नव्हतो.”

त्याने पडदा आमच्याकडे वळवला. लाल स्टूल, धुकं, मोडके देठ. वर पिवळ्या ढोबळ अक्षरांत लिहिलेलं, ‘सुप्रभात. दमलात तर बसा जरा.’ खाली तारीख होती, पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली.

मी ओरडलेच. “बघ! बघ मावशी! तुझाच! तुझेच शब्द!”

मावशीने फोन डोळ्यांजवळ घेऊन तारीख पुन्हा वाचली.

“आईने पाठवलेलं हे शेवटचं,” को म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तिला झटका आला, त्यानंतर तिला बोलता आलं नाही. ती गेल्यावर मी हे उघडलं. मला वाटलं, ती मला म्हणत होती, ये, बस माझ्याजवळ जरा. मग मी एक लाल स्टूल घेतलं आणि कमळाचं तळं म्हणजे बायहेचंच, म्हणून दोन हिवाळे इथे येऊन धुक्याची वाट बघितली. बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कल्पना कशी सुचली. मी म्हटलं, आईच्या आठवणीतून. ते खोटं नव्हतं. पण या चित्रालाही कुणी काढणारं असतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. सुप्रभातच्या चित्राला कोण काढणारं असतं? तुमचा फोटो गटावर आला तेव्हा कळलं. आणि मी घाबरलो. दोन दिवस गप्प बसलो. तो मात्र माझा गुन्हा.”

“होताच,” मी म्हटलं.

“फंग, गप्प बस,” मावशी म्हणाली. मग त्याला विचारलं, “त्या स्टुलाला तू नाव काय दिलंस?”

“रिकामी जागा.”

मावशीला हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. “अरे बाबा, रिकामी कसली? मीच बसले होते त्यावर. वाळकी बोंडं काढत होते, पाय दुखत होते. धुकं छान दिसलं म्हणून उठले, फोटो काढला आणि पुन्हा जाऊन बसले.”

तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. “म्हणजे त्यात तसं काहीच नव्हतं. मीच आपला उगाच अर्थ लावत बसलो.”

“उगाच कसा?” मावशीने तो जुना फोन जपून त्याच्याकडे सरकवला. “फोटो माझा. पण तुला पाठवला तो तुझ्या आईने. तिला तेच म्हणायचं असेल.”

मी त्याच्यासमोर दुधाचा पेला ठेवला, रागाने नाही.

मग तिथेच बसून त्याने गटावर लिहायला घेतलं. बक्षीस परत करतो म्हणून लिहिलं. पुढे ‘मी चोरी केली’ असं लिहिलं, तर मावशीने तो शब्द खोडायला लावला. मी म्हटलं, “राहू दे की! तुला नाही का म्हणाले?” ती म्हणाली, “म्हणूनच नको. फार लागतो तो.” शेवटी त्याने आईच्या फोनमधलं चित्र जोडलं आणि जे लिहिलं ते आम्हाला वाचून दाखवलं:

‘लाल स्टुलाचा मूळ फोटो बायहेच्या छ्यू जिन-येन यांचा आहे. तो मला माझ्या आईने पाठवला होता. मी तिला उत्तर दिलं नाही. ती गेल्यावर उत्तर म्हणून मी तसाच फोटो काढला, आणि त्यावर फक्त माझं नाव घातलं.’

मावशीने फोन हातात घेतला. आपल्या नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचलं. फोटोखाली आपलं नाव ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. मला वाटलं, आता हसेल, निदान चपलांचं तरी काही बोलेल.

“तुझ्या आईचं नाव काय होतं?” तिने विचारलं.

“ल्यू मान.”

“मग नुसतं आई काय लिहितोस? तेही लिही.”

को बिंग-सुंगने फोन परत घेतला आणि आईचं नाव लिहिलं.