बॅट टाकून पळालो

अकोल्याच्या त्या सामन्यात मी बॅट टाकून पळालो, हे खरं. अमरावतीत अजूनही एखादा म्हातारा भेटला की तेवढंच काढतो. बाकीचं कोणी काढत नाही, म्हणून मीच सांगतो.

आम्ही मळेवाले, वांगी-मेथी पिकवणारे. अमेरिकेत शिकून आलेल्या एका व्यायामशिक्षकाने आम्हा पोरांना बेसबॉलचा नाद लावला होता. चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि सुटायचं. चेंडू फेकायचा तोही उंच नाही, सरळ, सणसणीत. त्या फेकीवरच अमरावतीच्या क्रिकेट क्लबाच्या कप्तानाने, एका बड्या वकिलाने, मला संघात घेतलं. अकोल्याच्या सामन्यातला खेळ बघून नागपूरच्या सामन्यासाठी माणसं निवडायची होती आणि मला नागपूरला जायचंच होतं.

सकाळी मी सीमेवरून फेकून दोन गडी धावबाद केले. वकीलसाहेबांनी भर मैदानात टाळ्या वाजवल्या. दुपारी आमची शेवटची जोडी, जिंकायला दोन धावा. मी चेंडू तटवला, सवयीने बॅट टाकली आणि धावलो. पलीकडे घसरत पाय टाकला, पण रेघ वीतभर लांब राहिली. हातात बॅट असती तर पोचलो असतो; मी धावबाद झालो आणि सामना गेला.

तंबूत वकीलसाहेब म्हणाले, "सगळ्यांसमोर माफी माग आणि तो अमेरिकन धांगडधिंगा सोड. तरच नागपूरला नेईन."

"चुकलो साहेब, थे कबूल," मी म्हणालो. "पन सकाळी तुमी टाया वाजवल्या, थे फेकनं त्याच खेयातलं होतं. थे चालते, मंग हे काहून चालत नाई? खेय नाई सोडनार."

"भाजीवाल्यांना मैदानात आणलं की असंच व्हायचं," मागून कोणीतरी बोललं. माझं टाळकं सटकलं. क्लबाची टोपी काढून वकीलसाहेबांच्या खुर्चीवर ठेवली आणि तडक स्टेशन गाठलं. गाडीत रडलो, तेही लपवत नाही.

संघ माझ्याविना नागपूरला गेला. काही महिन्यांत जगाची मोठी लढाई लागली, शिक्षक नोकरीसाठी दूर गेले आणि बेसबॉलही बंद पडला. मेथीच्या जुड्या बांधता बांधता बाप म्हणाला, "दोनी घरचा पाव्हना उपाशी राह्यला म्हना."

"उपाशी कायचा, बाबा?" मी म्हणालो. "दोनी घरी पोटभर जेवलो. अन् वकिलाच्या पंगतीतून मले कोनी उठवलं नाई, मीच उठलो."