रापणीआधीची अनवाणी फेरी

गेल्या मोसमात आमच्या गावात स्वच्छ किनाऱ्यासाठी सत्कार झाला. शाल मिळाली लॉजवाल्याला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकत मी वर आले. आज माझी सहा टेबलांची खानावळ आहे आणि तिचा सगळा जीव रापणीत आहे. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसांनी ओढायचे, ही रापण. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा. मीही तो दोर ओढलाय. ओढणारे सगळे अनवाणी, कारण ओल्या वाळूत चप्पल घालून पाय रोवता येत नाही.

लॉजवाल्याने त्याच वाळूवर टेबलं मांडली. पर्यटक दुपारपासून पिऊ लागले. काही तर गोव्याहून डिकीत दारूचे खोके भरूनच येत. मग भांडणं, वाळूत घुसवलेल्या गाड्या, फोडलेल्या बाटल्या. पोलीस आले की दोन दिवस शांतता, पुन्हा तेच. एका सकाळी दोर ओढताना माझ्या थोरल्या दिरांचा तळवा काचेने फाटला. रापणकरांनी ठरवलं, आता जाळं खाडीपलीकडे लावायचं. रापण गेली की माझी खानावळही गेली.

मी तडक लॉजवर गेले.

"गिऱ्हाईक बाटली खंय टाकता, तां मी बगत रवू काय?" तो म्हणाला. "माझो धंदो चलता, म्हणान तुझ्या पोटात दुखता."

मी एवढी ओरडले की बंदरापर्यंत ऐकू गेलं. उपयोग शून्य. मग मला जे येतं ते मी केलं.

रापणकर दिरांच्या पडवीत बसले होते. मी म्हटलं, "आठ दिवस हयसरच थांबा. लॉजवाल्याक म्हावरा देव नका. तेचा सगळा मी घेतंय."

"आणि भाव?" दिरांनी विचारलं.

"तुमी सांगशात तो. मोसम संपापर्यंत मी घासाघीस करूचंय नाय."

टोपलीच्या दिवसांपासून मी घासाघीस केल्याशिवाय एक बांगडाही घेतला नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, "वयनीक ताप इलो काय रे?"

लॉजच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'रापणीची ताजी मासळी' लिहिलेलं. चार दिवस त्याने बर्फातली मासळी तळली आणि त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे जेवली. पाचव्या दिवशी दुपारी तो मागच्या दाराने आला.

"काय होया तुका?"

"वाळयेर बाटली नको. सूर्य बुडलो की भायर दारू बंद. झिंगलेल्याक आणखी देवची नाय, आणि तेच्या गाडयेची चावी तुझ्या गल्ल्यात."

"मगे धंदो कसलो? रातचे नऊ धर."

"सूर्य बुडलो की."

"आठ."

"आणि रोज रापणीआधी तुझी माणसां वाळू साफ करतली. मगे तू तेच्यावरसून चलायचा. अनवाणी. तुझ्या पायाक काय लागला नाय तर आमी दोराक हात घालतलंव."

"मी काय गडी आसंय?" तो ताडकन उठला. दारातून वळून म्हणाला, "साडेसात."

मी बांगडे साफ करत राहिले. "आणखी एकदा येळ सांगलंस तर दोन फेऱ्ये."

तो परत येऊन बसला.

पहिल्या आठवड्यात चावीसाठी एका टोळक्याने त्याची कॉलर धरली, पण चावी त्याने दिली नाही. एवढं मी त्याच्या बाजूने लिहीन. रापण राहिली. दिरांचा पाय बरा झाला आणि ते पुन्हा दोराच्या पुढच्या टोकाला उभे राहू लागले.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उशिरा आला, पायात बूट घालून. लोक अभिनंदन करत होते. जाळं समुद्रात पडलेलं, माणसं दोरापाशी उभी, पण कोणी दोराला हात लावेना. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आज तरी सोड गो."

"बूट काढ."

त्याने बूट काढून हातात घेतले. खाडीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. दिरांनी त्याचे तळवे बघितले आणि म्हणाले, "ओढा रे."

त्या दिवशी जाळ्यात पेडवे भरपूर लागले. दिरांनी भाव सांगितला. जास्तच होता. मी मान हलवली आणि टोपली पुढे केली.