हिरव्या फ्रेमला नावं ठेवताना

कोल्हापुरात सायकलच्या जुन्या फ्रेमला दोन भाव आहेत. एक किलोवरचा, तो सगळ्या जगाला मिळतो. दुसरा मला सांगितला जाणारा, आणि त्यात माझ्या तरुणपणी दारात दुभती म्हैस बांधून झाली असती.

मी उंच आहे, सहा फूट दोन इंच. तंत्रशाळेत पोरांना कानस कशी धरायची हे शिकवण्यात सगळी नोकरी गेली, तीही उभ्यानं. निवृत्त झालो आणि दोन-तीन वर्षांत गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, स्कूटर बंद करा, सायकल चालवा, पण तुमच्या मापाची चालवा. बुटक्या सायकलवर गुडघे दुमडून बसलात तर वर्षभरात आपण ऑपरेशनच्या टेबलावर भेटू. माझ्या मापाची म्हणजे चोवीस इंची फ्रेम. ती साध्या काळ्या सायकलीत मिळते, पण ती सायकल रेड्यासारखी जड. विद्यापीठाकडचा चढ आला की उतरून तिलाच ढकलत न्यायची. नव्या हलक्या सायकली माझ्या उंचीच्या असतात, पण त्यांची किंमत माझी पेन्शन बघून हसते. उरली ती जुनी रेसची फ्रेम, बारीक पोलादी नळ्यांची, पितळेनं सांधे भरलेली, एका हातानं उचलावी अशी. ती मिळाली तर मी सायकलवर, नाही मिळाली तर टेबलावर, इतका सरळ मामला होता. चाकं, ब्रेक, हँडल, चामड्याची सीट असं बाकीचं सगळं मी जमवून राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत रचून ठेवलं होतं. बायको त्यावर ओली फडकी वाळत घालायची.

आता गाव एवढं मोठं, घराघरांत जुन्या सायकली पडलेल्या, मग फ्रेम का मिळू नये? तर त्याचं कारण मी स्वतः आहे. पण ते कळायला मला बराच वेळ लागला, कारण तोवर मी दुसऱ्यांना मूर्ख ठरवण्यात गुंतलेलो होतो.

गुडघे दुखायच्या आधीची गोष्ट. शाहूपुरीच्या मागच्या बाजूला एका भंगारवाल्याच्या दुकानावरून चाललो होतो. तो गॅस कटरनं एक जुनी रेसची फ्रेम कापत होता. मला राहवलं नाही. मी त्याला फुटपाथवरूनच झापला. अरे गाढवा, काय कापतोयस कळतं का तुला? मग खिशातला खडू काढून (मास्तरकी सुटली तरी खडू सुटत नाही) त्याच्या शटरवर नळीचं चित्र काढलं. ही बघ नळी. कडेला जाड, मधे पातळ, म्हणून हलकी आणि म्हणून मजबूत. हे काम आता कुणी करत नाही. सोनं आहे हे, आणि तू ते लोखंडाच्या भावानं विकतोस. त्यानं कटर बंद केला, मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि शेजारच्या दोन दुकानदारांना हाका मारून आणलं. मला वाटलं, चला, तीन माणसं शहाणी केली. मला फ्रेम नको होती तेव्हा. फुकट शिकवलं.

पुढं आमच्या इथल्या सायकलवाल्या मंडळींनी मला भाषणाला बोलावलं. ही मंडळी म्हणजे एक प्रकरण आहे. पहाटे रंकाळ्यावर अंगाला चिकटलेले कपडे घालून जमायचं, दोन फेऱ्या मारायच्या, फोटो काढायचे आणि मग मिसळीवर दोनदा कट घेऊन जेवढं जाळलं त्याच्या तिप्पट भरायचं. सायकली अशा की धक्का लागला तर मालक रडतो. शाल, श्रीफळ घेऊन मी उभा राहिलो आणि त्यांना मनसोक्त धुतलं. तुमच्या या महागड्या प्लास्टिकला दहा वर्षांनी कुत्रं विचारणार नाही, म्हटलं. पोलादाची जुनी फ्रेम शोधा, ती तुमच्या नातवाला जाईल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पैसेवाल्या माणसाला शिव्या दिल्या की तो टाळ्या वाजवतो, हे मी तिथं शिकलो.

आणि त्यांनी खरंच शोधल्या हो. शोधल्या आणि भिंतीला टांगल्या. एकानं फार्महाऊसच्या फाटकावर टांगून तिला फुलांच्या कुंड्या अडकवल्या. एकानं हॉटेलात जिन्यावर. त्यांच्यातल्या दाताच्या डॉक्टरनं तर दवाखान्यात लावली आणि चाकाच्या मधोमध दिवा बसवला. सायकल कशासाठी असते हे ज्याला कळत नाही, त्याला दात कशासाठी असतात हे तरी कळत असेल का, अशी शंका येऊन मी दुसरा दाताचा डॉक्टर धरला.

गुडघ्यांचा निकाल लागल्यावर मी त्या भंगारवाल्याकडे गेलो. दुकानाबाहेर चार फ्रेम पुसूनपासून टांगलेल्या, प्रत्येकीला गोंड्याचा हार. त्यातली एक चोवीसची होती. मी भाव विचारला. त्यानं सांगितला. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं?

तो शांतपणे म्हणाला, "सर, असं काय करतासा? तुमीच सांगितलासा की. कडंला जाड, मधी पातळ. असलं काम आता हुत न्हाय. सोनं हाय हे." शटरवरचं माझं चित्र त्यानं ऑइलपेंटनं पक्कं करून घेतलं होतं. गिऱ्हाइकाला समजवायला बरं पडतं म्हणाला.

मी म्हटलं, मला तरी कमी कर. तर म्हणाला, "तुमास्नी कमी केलं तर तुमच्याच शब्दाला किंमत न्हाय ऱ्हायची." गावातल्या बाकीच्या भंगारवाल्यांकडेही हीच तऱ्हा. काहींना तर माझी वाक्यं माझ्यापेक्षा बरी पाठ होती. घरी आलो, बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मी तिलाही काहीतरी लागेल असं बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग एके सकाळी आमच्या दूधवाल्यानं बातमी आणली. तो राधानगरीकडच्या एका खेड्यातला. बाल्कनीतली चाकं बघून म्हणाला, "सर, आमच्या मामाच्या गोठ्यात माळ्यावर एक रेसची सायकल पडल्या. चाकंबिकं गेली, नुसता सांगाडा हाय. थोरल्या मामानं पलटणीत असताना पुण्यासनं आणलेली."

मी दुसऱ्याच दिवशी एसटी धरली. वाटेत भातशेती, ऊस, हिरवंगार सगळं, पण माझं लक्ष नव्हतं. मी तोंडाचा सराव करत होतो. मनाशी पक्कं ठरवलं होतं की या वेळी शिकवायचं नाही. फ्रेम कितीही चांगली निघाली तरी कौतुकाचा शब्द काढायचा नाही. भंगार म्हणायचं, किलोच्या भावानं उचलायची आणि परतीची एसटी धरायची. खेड्यातल्या माणसाला गुंडाळायला कितीसा वेळ लागतो, असंही मनात आलं. आलं ते आलं.

मामा म्हणजे साठीतला ठेंगणा, दणकट माणूस, आवाज असा की म्हशीसुद्धा वळून बघाव्यात. "या की पावणं, या!" म्हणून त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि शिडी लावून स्वतः माळ्यावर चढले. वैरण बाजूला सारून फ्रेम खाली दिली. कोंबड्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं रात्री काढल्या होत्या. मी हातरुमालानं दांडी पुसली. खाली हिरवा रंग, जसाच्या तसा. सांध्यांवर बारीक कोरीव काम. बोटानं टिचकी मारली तर घंटीसारखा आवाज आला. उभी करून पाहिली. चोवीसची. माझ्या मांडीला मांडी लावून उभी राहिली. मला आत इतका आनंद झाला की तो दाबायला मी कपाळाला आठ्या घातल्या.

"कशी हाय, पावणं?" मामांनी विचारलं. दारात त्यांची बायको, सून, शेजारचे दोघं उभे.

आणि मी सुरू झालो. गंजली आहे, म्हटलं. दांडी वाकली आहे. सांधे सुटायला आलेत. हे असले पातळ पत्र्याचे पाइप त्या काळी लोकांना फसवायला वापरायचे. खरं सांगायचं तर वाईट बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नावं ठेवणं हे मला भाषणापेक्षा जास्त चांगलं येतं. एकदा रंगात आलो की थांबणं अवघड. पुढच्या चाकाच्या चिमट्यापासून मागच्या सांध्यापर्यंत एक जागा मी सोडली नाही. शेवटी म्हटलं, "भंगार आहे मामा. किलोच्या भावानं देऊन टाका मला, घेऊन जातो."

मघापासून फ्रेमवर ठेवलेला हात मामांनी काढून घेतला.

"थोरला गेला तवापास्नं ठिवलीती," ते म्हणाले. "थोरला तेवढा उंच हुता, बाकी आमच्या घरात सगळी बुटकी. म्हटलं, कुणीतरी उंच माणूस भेटंल, त्याला दिऊन टाकू, चालवंल तरी. तुमी दारात आलासा तवा मी हिला म्हटलं बी, ह्यांच्याच मापाची हाय. पैसं कुठं घेणार हुतो?"

मी घाईनं म्हटलं, "तसं अगदीच काही वाईट नाही हो. नेतो की. करीन काहीतरी."

"न्हाय न्हाय! भिडंपोटी बोलू नगासा." आता त्यांचा आवाज परत गोठाभर झाला. "घरी आल्याल्या पावण्याच्या गळ्यात भंगार मारायचं? उद्या ती मोडून तुमी पडलासा तर? गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

मी आणखी आग्रह केला. जितका आग्रह केला तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. किती भला माणूस, आपलं मन राखायला भंगारसुद्धा न्यायला तयार झाला, असं त्यांच्या बायकोनं सुनेला सांगितलेलं मी ऐकलं. मग ताट आलं. घरच्या तांदळाचा भात, आमटी, घट्ट दही. खरं सांगायचं तर आता सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे आपण खोटं बोललो हे सांगायचं, आणि तेही त्यांचा घास तोंडात असताना. एवढी छाती माझ्याकडे नव्हती. दुसऱ्यांची अक्कल काढताना ती कुठून येते कोण जाणे. मी ठरवलं की आठवड्यानं परत यायचं, आणि एका मित्राला शोभेसाठी गंजकी फ्रेमच हवी आहे असं काहीतरी सांगून न्यायची. म्हणजे एका खोट्यावर दुसरं. निघताना फ्रेम गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. मी बघायचं टाळलं.

आठवडा भरायच्या आतच दूधवाला दारात आला. खांद्यावर तांदळाचं पोतं. "मामानं दिलंय सरांस्नी. त्या दिवशी मोकळ्या हातानं गेलासा म्हणून मामीला लई वाईट वाटलं." बायकोनं पोतं आत घेतलं. मी घसा खाकरून म्हटलं, "अरे, त्या फ्रेमचं काय झालं? माझा एक मित्र…"

"दावतो की." त्यानं मोबाइल काढला. फोटोत दुधाच्या दोन किटल्या एका घोडीवर, म्हणजे चार पायांच्या लोखंडी स्टँडवर, ठेवल्या होत्या. घोडीचे चार पाय हिरवे होते. एका पायाच्या वरच्या टोकाला सांध्याचं कोरीव काम तसंच राहिलं होतं. "मामानं वेल्डरकडनं करून घेतलं. इतकं हलकं झालंय सर, मामी एका हातानं उचलत्या. आन् हाललं म्हणून न्हाय!"

मी फोटो मोठा करून पाहिला. परत लहान केला. बायको माझ्याकडे बघत होती.

दूधवाल्यानं मामांना फोन लावून माझ्या हातात दिला. फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. "पावणं, तांदूळ पोचला न्हवं? तुमचं लई उपकार झालं बघा. तुमी नसतासा तर उगंच जीव लावून बसलो असतो त्या भंगाराला. तुमच्यासारकी तोंडावर खरं बोलणारी माणसं ऱ्हायली न्हाईत आता."

मी म्हटलं, "हो."