जवळा आणि आठळ्या

औंढ्याचा भिमाजी लोणावळ्याच्या रनिंग रूममध्ये एकोणीस वर्षं स्वयंपाकी होता. घाट चढून आलेले आगगाडीचे ड्रायव्हर आणि इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन तिथं विसाव्याला थांबत. शिधा ज्याचा त्यानं घरून फडक्यात बांधून आणायचा आणि भिमाजीनं प्रत्येकाचा वेगळा शिजवून द्यायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे पंधरा-वीस घरांतल्या बायकांचा हात त्याला ओळखू यायचा. तोंड एकीचंही पाहिलेलं नव्हतं.

कशात काय घालावं याबाबत तो हट्टी होता. उग्र पदार्थाला सोबत मवाळच पाहिजे, दोन उग्र एकत्र आले की भांडतात, असं तो म्हणे. कडूत कडू घालणाऱ्याला तर तो माणसातच धरत नसे.

१९२० साली कल्याणचा फायरमन हौशीराम पहिल्यांदा आला. त्याच्या फडक्यात तांदूळ, सुका जवळा, फणसाच्या आठळ्या, चार आमसुलं आणि लसणीचा गड्डा होता. बायको पेणकडची. भिमाजीनं जवळा एका पातेल्यात परतला आणि आठळ्या दुसऱ्यात उकडल्या. पुढच्या खेपेला हौशीराम हसतच आला.

"आबा, बायको म्हनली, त्या म्हाताऱ्याला सांगा, एकत्र घाल. येगळं करून दोनी वाया घालवलं."

"म्हातारा कुनाला म्हनती? पन्नाशी न्हाई झाली माजी. आन् मासळीत फनस? डोकं जाग्यावर हाय न्हवं तिचं?"

पण त्यानं घातलं. आठळी मुळात फिकी, पिठूळ. तिनं जवळ्याचा खारट दर्प ओढून घेतला, आणि उरलेला उग्रपणा आमसुलानं मोडला. भिमाजीनं पातेलं बोटानं पुसून खाल्लं. "बरूबर हाय तिचं," एवढंच तो बोलला. जाताना हौशीरामच्या हाती त्यानं कारळ्याच्या चटणीची पुडी दिली. पुढच्या फडक्यात दोन वांगी आली आणि निरोप आला, की चटणी भरायची ती यात, भातावर नुसती घेतली तर घशाला लागते. तेही बरोबर निघालं. असं सहा वर्षं चाललं.

१९२६च्या भाद्रपदात हौशीराम बरेच दिवस आला नाही. आला तेव्हा फडक्यात तांदूळ, कारली, मेथीची जुडी आणि एक रताळं होतं. लसूण नव्हती, आमसूल नव्हतं. भिमाजीनं सगळं चुलीपुढं पसरलं आणि चारचौघांत विचारलं,

"काय रं हौशा, बाईसाहेब रुसल्या का काय? कडवात कडू! हे आमच्याकडचं जनावर बी खायाचं न्हाई."

बसलेले दोघे हसले.

"मीच बांधलंय आबा," हौशीराम म्हणाला. "ती गेली. बाळंतपनात. पोर बी गेलं. परवा तेरावं झालं."

भिमाजीनं तिचं नाव विचारलं. सहा वर्षांत ते विचारायची वेळ आली नव्हती.

"शालू."

त्यानंतर हौशीरामचं जेवण सुटलं. दोन घास खाऊन तो ताट सारायचा. दिवाळीपर्यंत त्याची गालफडं बसली. ड्रायव्हरनं भिमाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "घाटात याचा हात थांबतो. कोळसा पडला न्हाई तर वाफ कुठनं येनार? असाच राहिला तर इंजिनावरनं उतरवतील त्याला."

भिमाजीनं एका गार्डाला सांगून जवळा मागवला. आठळ्या कुरवंड्याला त्याच्या बहिणीनं राखेत घोळवून ठेवलेल्या होत्या, त्या तो चालत जाऊन घेऊन आला. शालूबाईनं सांगितलं होतं तसंच त्यानं केलं, आणि उतरवण्याआधी दोनदा चाखून पाहिलं.

हौशीरामनं एक घास घेतला. तो बराच वेळ चावत राहिला.

"तिच्यासारकंच झालंय, आबा."

"मग खा की."

"म्हनून तर गिळवत न्हाई. भूक लय हाय मला. येगळं येगळं करून द्या."

पुढच्या खेपेपासून भिमाजीनं त्याच्यासाठी दोन पातेली चढवली. एकात जवळा, दुसऱ्यात मिठाच्या पाण्यात आठळ्या. एक खारट, उग्र, दुसरं मातकट. हौशीराम दोन्ही संपवायचा. महिन्याभरात त्याच्या हातात फावडं पुन्हा नीट चालू लागलं. महिपती नावाचा दुसरा स्वयंपाकी एकदा चेष्टेनं म्हणाला, "आबा, हात बिगडला तुमचा." भिमाजीनं दुसऱ्या पातेल्याखाली लाकूड सारलं.

हे तीन वर्षं चाललं. मग घाटात विजेची इंजिनं आली, कोळसा टाकणाऱ्यांचं काम गेलं, आणि हौशीरामची बदली दुसऱ्या लाइनीवर झाली. तोवर तो आला की दोन ताटल्या घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे. आधी जवळा संपवायचा. मग उठून बाहेर नळावर जायचा, जवळ्याची चव जाईस्तोवर चुळा भरायचा, पोटभर पाणी प्यायचा आणि मगच आठळ्यांना हात लावायचा. काही दिवसांनी भिमाजीच पाण्याचा तांब्या आणून दोन ताटल्यांच्या मधे ठेवू लागला.